दोन वाजता नदीवर जाणाऱ्या नलिनीताई

नलिनीताई सावंत मासे धरतात हे कळायच्या आधी मला त्या फार आवडायच्या. नंतरही आवडत राहिल्या, पण त्या आवडण्यात मग एक बारीकसं कुसळ शिरलं आणि ते काही निघालं नाही. आज त्या ठाण्यात लेकीकडे आहेत, मी इथे न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला आहे, मधे अख्खा समुद्र आहे, तरी ते अधूनमधून टोचतंच.

त्यांचा मुलगा अमेय माझ्या कंपनीत आहे. हॉर्नबीच्या कारखान्यात आम्ही दोघं डिझाइनला, समोरासमोरच्या टेबलांवर बसतो. आई सहा महिन्यांसाठी येणार म्हणून त्याने आधी घर आवरलं आणि मग तो धास्तावला. दिवसभर ती एकटी घरी करणार काय? बस कुठली पकडायची ते समजावून ठेवू, महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचे नंबर देऊन ठेवू, मराठी चॅनेल लावून ठेवू, अशी त्याची जय्यत तयारी चालली होती. त्या आल्या आणि आठवड्याभरात कळलं की यातलं काहीच लागणार नव्हतं.

नलिनीताई मूळच्या मालवणच्या. बँकेत नोकरी केली आणि ब्रँच मॅनेजर होऊन रिटायर झाल्या. उंची बेताची, आवाज मात्र शाखेच्या दारापासून तिजोरीपर्यंत ऐकू जाईल असा. कॉटनचा सलवार-कमीज, त्यावर अमेयचा जुना रेनकोट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मनात प्रश्न आला की तो तसाच तोंडातून बाहेर पडायचा. समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही, विचारणं बरं दिसेल की नाही, असल्या भानगडीत त्या पडत नसत.

अमेयच्या शेजाऱ्याच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. लिंबं पिकून खाली पडायची, कुजायची. अमेय तीन वर्षं ती खिडकीतून बघत होता आणि सुपरमार्केटमधून लिंबं विकत आणत होता. नलिनीताईंनी दुसऱ्याच दिवशी कुंपणाशी जाऊन विचारलं, "एवढ्या लिंबांचं तुम्ही करता काय?" शेजारी म्हणाला, काहीच नाही. संध्याकाळपर्यंत दारात दोन पिशव्या आल्या आणि आठवड्याने शेजाऱ्याच्या दारात लोणच्याची बाटली गेली. बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी त्या तरुण डॉक्टरलाच विचारलं की तुम्हाला नीट झोप लागते का. तो पाच मिनिटं स्वतःच्या झोपेबद्दल बोलत बसला. अमेय ऑफिसात येऊन हे सगळं डोक्याला हात लावून सांगायचा, आणि मी पोट धरून हसायचो. तेव्हा मी हसू शकत होतो.

आता माझं थोडं सांगणं भाग आहे. मी पुण्याचा, घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही, आणि मला नाद लागला तो ट्राउट धरण्याचा. इथल्या एका मित्राने एकदा सहज नेलं आणि मी अडकलो. पिसं आणि दोरा बांधून गळाचा खोटा किडा करायचा, त्याला फ्लाय म्हणतात. तो लांब काठीने पाण्यावर असा हलकेच उतरवायचा की माशाला खरा वाटावा. मासा लागला की जाळीत घ्यायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडून द्यायचा. मला खायचा नव्हताच, त्यामुळे हे फार सोयीचं होतं. मी क्लबचा मेंबर झालो. गावाबाहेर, डोंगरांच्या दिशेने अर्ध्या तासावर क्लबचं तळं आहे, काठाला एक लाकडी खोली आणि पुढे व्हरांडा. दर रविवारी मी तिथे जात होतो. सात सीझन झाले होते. चांगली काठी घेतली, व्हिडिओ बघितले, गॅरेजात बसून फ्लाय बांधायला शिकलो. मासे मिळायचे, पण बेताने.

आणि क्लबचे रिवाज मी शिकलो. ते कुठे लिहिलेले नसतात, बघून शिकावे लागतात. तळ्यावर मोठ्याने बोलायचं नाही. दुसऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला घुसायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नदीवर तू कुठे जातोस हे कुणाला विचारायचं नाही. तळं सगळ्यांचं, पण नदीवरची जागा ज्याची त्याची. "वर जरा, पुलापलीकडे," एवढंच कुणी सांगितलं तर मान डोलवायची आणि हवामानावर बोलायचं. आपण लोक बाहेर आलो की असले नियम इथल्या लोकांपेक्षा कसोशीने पाळतो. मला त्याचा अभिमानही होता.

क्लबातला सगळ्यांत जुना माणूस ग्रॅहम. जनावरांचा डॉक्टर होता, ऐंशीच्या घरात आलेला, एका बाजूला किंचित कलून चालणारा. मला काठी धरायला त्याने शिकवलं. माझ्याशी तो चांगला वागायचा. पण दर रविवारी दुपारी दोन वाजले की ग्रॅहम तळ्यावरचा पसारा आवरायचा, गाडीत बसायचा आणि नदीकडे जायचा, एकटा. पाचच्या सुमाराला परत आला की त्याचा चेहरा वेगळाच असायचा, देवळातून आलेल्या माणसासारखा. तो कुठे जातो हे क्लबात कुणालाच माहीत नव्हतं. सात वर्षं मी दोनच्या सुमाराला त्याच्या आसपास घोटाळायचो. त्याची बॅग गाडीपर्यंत न्यायचो. एखाद दिवशी तो म्हणेल, चल रे, बस. तो "चियर्स, मेट" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. मला त्या जागी जायचं होतं. दुसरं खरंच काही नको होतं.

डिसेंबरात एका रविवारी अमेयला कामावर जावं लागलं आणि त्याने विचारलं, आईला तुझ्याबरोबर नेशील का, तिला जरा बाहेरची हवा मिळेल. मी आनंदाने नेलं. त्यांनी स्टीलच्या डब्यात चकल्या घेतल्या होत्या. तळ्याच्या काठाला खुर्ची टाकून दिली, त्या बसल्या. पहिला तासभर त्या नुसतं बघत होत्या. मग उठल्या आणि काठाकाठाने प्रत्येकाला चकली देत गेल्या. पाण्यात कमरेइतकी उभी असलेली गोरी माणसं एका हातात काठी आणि एका हातात चकली धरून उभी राहिली. ग्रॅहमपाशी पोचल्यावर त्यांनी त्याला बँकेतल्या खणखणीत इंग्रजीत विचारलं, "मी जरा धरून बघू का?"

ग्रॅहमने त्यांना बाजूच्या गवतावर नेलं, दोरीच्या टोकाचा गळ काढून तिथे लोकरीचा तुकडा बांधला आणि शिकवायला लागला. या विद्येत सगळी गोम एकाच गोष्टीत आहे. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. माणूस थांबत नाही, घाई करतो. माझे दोन सीझन "थांब, थांब" हे ऐकण्यात गेले होते. नलिनीताईंनी काठी मागे नेली, थांबल्या, पुढे आणली. ओली चादर झटकून वाळत टाकावी तशी दोरी गवतावर सरळ जाऊन पडली. ग्रॅहम माझ्याकडे बघून म्हणाला, "बघितलंस का?"

बघितलं होतं.

त्यांनी परवाना काढला. क्लबच्या कपाटातला एक जुना रबरी पोशाख त्यांना मिळाला, छातीपर्यंत येणारा, पाण्यात उभं राहायचा. तो त्यांना एवढा मोठा व्हायचा की ओढणीने कमरेला आवळून बांधावा लागायचा. दर रविवारी मी त्यांना घ्यायला जायचो, त्या डबा घेऊन दारात तयार असायच्या. तिसऱ्या रविवारी त्यांना पहिला ट्राउट मिळाला. चांगला हातभर, पोटाशी सोनेरी. त्या दिवशी मला एकही लागला नव्हता. मी त्यांचं अभिनंदन केलं, फोटो काढला, आणि गाडी चालवताना माझा जबडा इतका आवळलेला होता की घरी आल्यावर दुखायला लागला.

हा पहिला मासा त्यांनी क्लबच्या नियमात बसवून घरी नेला. ट्राउट इथे दुकानात विकत मिळत नाही, धरेल त्याचाच असतो. सावंतांच्या घरात मासा आणि तो सोडून द्यायचा, हे त्यांना पटत नव्हतं. रवा लावून तळला, अमेयला वाढला, दोन तुकड्या फ्रीजरमध्ये राखून पुढच्या रविवारी तळून ग्रॅहमला दिल्या. ग्रॅहमने बोटं चाटली. नलिनीताईंचं मत वेगळं होतं. मला गाडीत म्हणाल्या, "दिसायला देखणा हो, पण खायला काही नाही. चिखल लागतो जिभेला. बांगड्याची सर नाही त्याला." त्यानंतर त्यांनी धरलेला प्रत्येक मासा सोडून दिला. आणि त्यांनी पुष्कळ धरले.

कसे, ते मी बारकाईने बघितलंय, कारण दुसरं काही मला सुचत नव्हतं. त्या माशांशी बोलायच्या. आम्ही सगळे कुजबुजत असताना त्या मोठ्याने, मालवणी सुरात, "ये रे बाबा, किती वेळ करतोस," असं पाण्याला सांगायच्या. मासे पळून जातील म्हणून मी एकदा दबक्या आवाजात त्यांना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्याला मराठी कुठे कळतंय?" आणि तेवढ्यात त्यांची काठी वाकली. कुठली फ्लाय लावायची हे मी हवा, पाणी, किडे बघून ठरवायचो. त्या शेजारच्याला विचारायच्या, "आज काय चालतंय?" आणि तो सांगायचा. ज्या माणसांच्या शेजारी मी सात वर्षं उभा होतो, ती माणसं आपल्या डबीतली फ्लाय काढून त्यांच्या तळहातावर ठेवायची. ग्रॅहमला त्या तोंडावर "ग्रॅहमभाऊ" म्हणायच्या. अर्थ कळल्यापासून तो त्या हाकेला खुशीत ओ द्यायला लागला. माझ्या कुलकर्णी आडनावातला "ण" त्याला सात वर्षांत जमला नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी व्हरांड्यात चहा चालला होता. दहा-बारा मेंबर होते. दोन वाजत आले तसा ग्रॅहम उठला आणि टोपी शोधायला लागला. नलिनीताईंनी घड्याळ बघण्यासाठी मनगट उलटं केलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "ग्रॅहमभाऊ, तुम्ही दर रविवारी दोन वाजता जाता तरी कुठे?"

कुणीतरी कप खाली ठेवला. सेक्रेटरी तळ्याकडे बघायला लागला. मला तर वाटलं जमीन दुभंगावी. त्यांना मीच आणलेलं होतं, म्हणजे ही शोभा माझ्या खात्यावर जमा होणार होती. मी घाईघाईने इंग्रजीत म्हणालो की त्या नवीन आहेत, त्यांना इथली पद्धत माहीत नाही. ग्रॅहमने माझ्याकडे बघितलंही नाही. तो त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत होता. म्हणाला, "याच्यापेक्षा बरे बूट आहेत का?"

त्या म्हणाल्या, "कपाटात असतील क्लबचे, आणते."

आणि त्या गेल्या. त्याच्या गाडीत, पुढच्या सीटवर, मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन. मी व्हरांड्यात उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होतो. नंतर मी तळ्यावर गेलो आणि पहिल्याच फेकीत दोरी माझ्याच टोपीत अडकवून घेतली.

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी त्यांना घरून आणायचो, दोन वाजता ग्रॅहम त्यांना घेऊन जायचा, आणि मी पाचपर्यंत तळ्यावर त्यांची वाट बघत थांबायचो, कारण परत न्यायचं कामही माझंच होतं. परत येताना त्या जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायच्या. लेकीला दिवस गेलेत, कोकम इथे कुठे मिळतं, अमेय लग्नाचं मनावर का घेत नाही. जागेबद्दल मात्र चकार शब्द नाही. मी वळणावळणाने विषय काढायचो. आज वारा होता का तिकडे? पाणी गढूळ होतं का? त्या हसायच्या. "शब्द दिलाय कुलकर्णी, कुणाला सांगणार नाही म्हणून. तुम्ही त्यालाच विचारा ना. विचारायला काय जातंय?"

काय जात होतं ते त्यांना कसं सांगणार? सात वर्षांची सभ्यता जात होती. शिवाय विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर? आता तो निदान नाही म्हणाला नव्हता.

मी त्यांच्या मोज्यांना चिकटलेली कुसळं निरखून बघायला लागलो. बुटांचा चिखल काळा आहे की राखाडी, बाहीला विलोची, नदीकाठच्या त्या लोंबत्या झाडांची, पानं आहेत का. गाडीच्या मॅटवर पडलेली पानं मी घरी आणून टेबलावर मांडली. डबा खाताना ऑफिसात नदीचा उपग्रहातून काढलेला नकाशा उघडून बसायचो, आणि समोरच्या टेबलावर त्यांचा मुलगा शांतपणे जेवत असायचा. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला मराठी कळतं पण ती बोलत नाही. ती ती पानं बघून म्हणाली, "बाबा, यू आर सो जेलस." माझी बायको मेधा हसली नाही. तिने विचारलं, "तुला मासा खायचा नाही, विकायचा नाही, धरून परत सोडायचाय. मग तो कुणी का धरेना, तुझं काय बिघडतं?" मी म्हणालो, तुला नाही कळणार. हेवा वाटत होता एवढंच खरं होतं. माशांचा नव्हता तो. एक म्हातारा माणूस त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा राहायचा, त्याचा होता.

एप्रिलमध्ये ग्रॅहमचं खुब्याचं दुखणं वाढलं. तो तळ्यावर यायचा, पण खुर्चीतच बसून राहायचा. दोन वाजले की टोपी हातात घेऊन फिरवायचा आणि परत ठेवायचा. एप्रिल संपला की नदीचा सीझन बंद होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात नलिनीताईंचं विमान होतं. शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "उद्या ग्रॅहमभाऊंना न्यायचंय. एकटीच्या आधाराने जमणार नाही, दोन्ही बाजूंनी माणूस हवा. तुम्ही याल ना?"

मी हो म्हणालो. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली. मागे बसून ग्रॅहम डावीकडे, उजवीकडे सांगत होता, आणि प्रत्येक वळण मी मनातल्या नकाशाशी ताडून बघत होतो. जागा पुलापलीकडे नव्हतीच. पुलाच्या अलीकडे एक शेताचं फाटक होतं, ज्याच्यासमोरून मी सात वर्षं दर रविवारी तळ्यावर जात होतो. फाटक उघडलं. ग्रॅहमचा एक हात माझ्या खांद्यावर, एक नलिनीताईंच्या. त्या बुटक्या, मी उंच, त्यामुळे तो बिचारा तिरकाच चालत होता. मेंढ्या बाजूला होत होत्या. अर्ध्या वाटेवर तो दम खायला थांबला आणि मला म्हणाला, "मला नेहमी वाटायचं, तू तळ्याचाच माणूस आहेस. नदीत तुला रस नाही."

मी म्हणालो, "असं का वाटलं?"

"तू कधी विचारलंच नाहीस."

त्या वेळी नलिनीताई काही बोलल्या असत्या तर मी ग्रॅहमला तिथेच सोडून गाडीत जाऊन बसलो असतो.

विलोच्या झाडांमागे मुख्य नदीपासून फुटलेला एक लहानसा प्रवाह होता, जेमतेम खोलीभर रुंद, पाणी काचेसारखं. इतकीच जागा. ग्रॅहमला काठावर बसवलं. त्याने काठीने दाखवलं आणि मला दिसला. पलीकडच्या झाडाच्या सावलीत एक प्रचंड ब्राउन ट्राउट, लाकडाचा ओंडकाच वाटावा असा, शेपटी तेवढी हळूहळू हलत होती. गेली काही वर्षं ग्रॅहम दर रविवारी येत होता तो या एका माशासाठी. फार हुशार मासा. ग्रॅहमने स्वतःला नियम घालून घेतला होता की एका माणसाने एका रविवारी एकदाच फेकायचं, नाहीतर तो बिथरून कायमचा जाईल. दुसरी फेक नाही. खुब्याआधी ग्रॅहमचा खांदा दुखायला लागला होता, तेव्हापासून तो फेकत नव्हता. जानेवारीपासून ती एक फेक नलिनीताईंची होती. म्हणजे या बाई तीन तास इथे बसायच्या, डबा खायच्या, मासा बघायच्या आणि एकदा फेकायच्या. दर रविवारी माशाने नकार दिला होता. आणि मी तळ्यावर उभा राहून समजत होतो की तिकडे त्यांची लूट चालली आहे.

त्या म्हणाल्या, "आज शेवटचं. लेकीचं बाळंतपण आहे, पुढे यायला मिळेल न मिळेल. आज घेतलीच पाहिजे त्याने फ्लाय." पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झालेला मी ऐकला. त्यांना तो मासा हवा होता. मला जागा हवी होती तितकाच हवा होता.

त्या पाण्यात उतरल्या, काठी मागे नेली, थांबल्या, पुढे आणली. फ्लाय त्याच्या नाकासमोर हातभर अंतरावर पडली. तो वर आला. फ्लायच्या खाली आला, तोंड अगदी टेकेपर्यंत आला, तिच्याबरोबर थोडा वाहत गेला, आणि परत खाली जाऊन आपल्या जागी उभा राहिला. नलिनीताईंनी दोरी गोळा केली. काठावर येऊन ग्रॅहमच्या शेजारी बसल्या, डोळ्यांना ओढणी लावली आणि मग डबा उघडला.

थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "अजून विचारत नाही का तुम्ही?"

ग्रॅहमकडे वळून मी म्हणालो, "मी एकदा फेकू का?"

"मला वाटलं आता तू विचारतच नाहीस," तो म्हणाला आणि त्याने काठी पुढे केली.

मी उतरलो. मागे नेली. थांबलो. पुढे आणली. फार चांगली गेली असंही नाही, किंचित डावीकडे पडली. तो वळला, आला आणि त्याने ती सरळ तोंडात घेतली. इतक्या साधेपणाने, जणू तिचीच वाट बघत होता.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोरी करकरत होती, ग्रॅहम काठावरून ओरडत होता, मासा विलोच्या मुळांकडे जात होता. आणि त्या सगळ्यात मला एकच विचार येत होता की आता या बाईंकडे बघायचं कसं. चार महिने त्या याच्यासाठी आल्या, आज रडल्या, आणि घेतली त्याने माझी, पहिल्या फेकीला. मी त्यांच्या जागी असतो तर त्या क्षणी दोरी तुटावी म्हणून देवाला विनवलं असतं. मला माहीत आहे, कारण तळ्यावर मी तसं विनवलेलं आहे.

मी मान वळवून बघितलं. नलिनीताई जाळी घेऊन पाण्यात धावत येत होत्या. त्या प्रचंड रबरी पोशाखात, चिंब भिजलेल्या, ओढणी मागे पाण्यावर तरंगत असलेली, आणि तोंडाने "हळू, हळू कुलकर्णी, थांबा, त्याला थकू दे" असं मालवणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत. त्यांनी वाकून जाळी त्याच्याखाली सरकवली आणि तो उचलला, दोन्ही हातांनी, मूल उचलावं तसा. मग ग्रॅहमकडे वळून त्याला दाखवत म्हणाल्या, "बघा, आमच्या माणसाने धरला." त्या हसत होत्या. मी त्यांचा चेहरा नीट तपासला. डोळे, ओठ, कपाळ, सगळं. कुठेतरी काहीतरी सापडेल, निदान एखादी रेघ, म्हणून शोधत राहिलो. काही नव्हतं. माझा हेवा त्यांना जरासुद्धा वाटलेला नव्हता.

मासा अजून त्यांच्याच हातात होता आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. त्या क्षणी त्यांचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा सगळ्या सीझनमध्ये कधी वाटला नव्हता.